जामबागचा परवा

शुद्ध मराठीच्या बाबतीत हैदराबादच्या अख्ख्या जामबागेत माझा हात धरणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो! इतरांचं सोडा. इतर लोक 'हो'ला 'हौ' म्हणायचे, 'नको'ला 'नक्को' म्हणायचे आणि भाजीवालीशी घासाघीस करताना तीन भाषांचा काला करायचे. मी मात्र 'हो'च म्हणायचो. तोंड उघडण्याआधी क्षणभर थांबून जीभ जागेवर आहे का ते बघावं लागायचं, पण म्हणायचो 'हो'च.

ही साधना मी काही उगाच केली नव्हती. तिला कारण होती निर्मला.

निर्मला खारकोटची. खारकोट म्हणजे कोकणातलं एवढंसं बंदर. तीन बाजूंना समुद्र, सगळ्या बाजूंनी तट, आत थोडीशी घरं आणि घरांपेक्षा जास्त माड. तिचे मामा आमच्या गल्लीत राहायचे आणि शाळेत शिकवायचे. त्यांच्याकडे राहून ती कोठीच्या कॉलेजात दोन वर्षं शिकली. गणपतीतल्या नाटकात मी राजा होतो आणि ती पडद्यामागे पुस्तक धरून वाक्यं सांगायला होती. भर दरबारात मी प्रधानाला ठणकावून म्हणालो, "नक्को!" त्याबरोबर पडद्यामागून असं काही हसू फुटलं, की मी तिथल्या तिथे ठरवलं, लग्न करीन तर ह्या हसण्याशीच!

हसणाऱ्या व्यक्तीची हरकत नव्हती. परीक्षा देऊन गावी जाताना ती मला म्हणाली, "मामा स्थळ सुचवतील, मी बाबांना सांगेन. पण नरहर, तुम्ही सांभाळून बोला हं! बाबांनी सगळी नोकरी बंदरखात्यात काढलीय. भरती म्हणजे भरती, ओहोटी म्हणजे ओहोटी. एका शब्दाचा एकच अर्थ लागतो त्यांना."

"हात्तिच्या! शुद्ध मराठीत दुसरा अर्थ असतोच कुठे?" मी म्हणालो.

ती पुन्हा हसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. आमच्या कचेरीत रोज नवी वाटणी चाले. साहेबांचं टेबल मुंबई राज्याला गेलं, खुर्ची म्हैसूरला गेली आणि साहेब तेवढे आंध्राला राहिले. बिचारे खिडकीच्या कट्ट्यावर बसून सह्या करायचे! आमचे वडील महसुलाच्या एका कपाटाबरोबर औरंगाबादला रवाना झाले होते. कपाटाची किल्ली चुकून गुलबर्ग्याच्या सामानात गेली. कपाट उघडेपर्यंत वडिलांना रजा नव्हती.

त्यामुळे मुलगी पाहायला जायची जबाबदारी आली अप्पाराव, म्हणजे आमचे अप्पाकाका, यांच्यावर. काका वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची सारी वकिली उर्दूत झाली. आता कोर्टांनी भाषा बदलली होती, त्यामुळे काकांकडे वेळही भरपूर होता आणि न वापरलेलं वक्तृत्वही भरपूर होतं.

आई मात्र काही केल्या यायला तयार होईना.

"मी नाही बाई बोटीत बसायची! परवाच तर मामंजी पाण्यात गेले."

हे मामंजी म्हणजे आमचे आजोबा. ते गेले मुसीच्या पुरात, एकोणीसशे आठ साली! तेव्हा अप्पाकाका आठ वर्षांचे होते आणि चिंचेच्या झाडावर चढून बसले म्हणून वाचले. आईचा तर तेव्हा जन्मही व्हायचा होता. पण पाण्याचा विषय निघाला की आमच्या घरात परवाची ही गोष्ट निघायचीच, आणि ऐकणारा हळहळायचा.

तर आईनं बेगम बाजारातून बदाम, केशर आणि निर्मलासाठी एक जरीचं पातळ आणून ट्रंकेत भरलं, आणि आम्ही काका-पुतणे निघालो. आगगाडीत मी काकांची तालीम सुरू केली.

"काका, तिथे 'हौ' म्हणायचं नाही."

"हौ."

"'नक्को' म्हणायचं नाही."

"नक्को तर नक्को! त्यात काय?"

वाडी स्टेशन येईपर्यंत मी हात टेकले. शेवटी असं ठरलं की बोलायचं सगळं मी, आणि काकांनी अधूनमधून फक्त 'वा!' म्हणायचं.

समुद्राचं मला बिलकुल भय नव्हतं. जन्मापासून शहरातला हुसेन सागर तलाव बघितलेला माणूस मी. हाही सागर, तोही सागर! भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं, की हुसेन सागर हालत नाही. पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की आईनं दिलेल्या दशम्या आम्ही आधी खाल्ल्या आणि मग अरबी समुद्राला अर्पण केल्या. त्यातच वाटेत बोटीचं यंत्र बिघडलं, आणि एक अख्खा दिवस ती एका खाडीच्या तोंडाशी झोके घेत उभी राहिली. काका कठड्याला मिठी मारून उर्दूत देवाची करुणा भाकत होते.

पण खारकोट दिसलं आणि सगळं विसरलो! निळ्या पाण्यातून सरळ वर आलेला काळा तट, त्यावर डोकावणारे माड, दरवाज्यावर फडकणारं निशाण. धाकू तांडेलाच्या होडीतून आम्ही किनाऱ्याला लागलो. शेवटचं गुडघाभर पाणी त्यानं आम्हाला खांद्यावरून पार करवलं. महादरवाज्यात एकनाथराव, म्हणजे निर्मलाचे वडील, स्वतः उभे होते. ताठ, सडसडीत, हातात छत्री.

"बोट परवा दुपारपासून खाडीत अडकलीय अशी तार आली होती," ते म्हणाले. "फार हाल झाले तुमचे. या!"

घरात शिरलो. निर्मला आईच्या सांगण्यावरून खाडीपलीकडे ग्रामदेवतेला नारळ द्यायला गेली होती, संध्याकाळपर्यंत येणार होती. आम्ही ओटीवर झोपाळ्याशेजारी बसलो. आतून पोह्यांच्या बशा आल्या. वर पांढरंशुभ्र ओलं खोबरं! माजघरातून आंब्यांच्या आढीचा असा घमघमाट येत होता, की काकांनी डोळेच मिटले.

"समुद्र सोसला का?" एकनाथरावांनी सुपारी कातरत विचारलं. "सवय नसली की पाण्याची धास्ती वाटते माणसाला."

धास्ती? आणि मला? भावी सासऱ्यासमोर धास्ती कबूल करणारा जावई मी नव्हे! मी छाती काढली.

"छे हो! धास्ती कसली? आमच्या घराण्याला पाणी काही नवं नाही. परवाच आमचे आजोबा पाण्यात गेले!"

अडकित्ता थांबला.

"पाण्यात गेले? म्हणजे...?"

"वाहून गेले."

"कधी म्हणालात?"

"परवा."

"नक्की परवा?"

"अगदी परवा! हे काका तिथेच होते की. वेळेवर वर चढून बसले म्हणून वाचले. काय काका?"

"वा!" काका म्हणाले. ठरलंच होतं तसं.

एकनाथरावांचा चेहरा उतरला. "अरेरे! आणि मग... शोध वगैरे?"

"एवढ्या पाण्यात कसला शोध? गेले ते गेले!" आपण जरा जास्तच रडगाणं गातोय असं वाटून मी आवाज खुलवला. "आम्ही हैदराबादची माणसं मागचं उगाळत बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे आपापल्या कामाला!"

एकनाथराव उठले. माझ्या खांद्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला आणि अर्ध्यातूनच मागे घेतला. "परवा... खाडीच्या तोंडाशी... तरीच बोट थांबली!" असं काहीसं पुटपुटत ते आत गेले. आत कुजबुज झाली. "अगो बाई!" असा पद्मावतीबाईंचा, म्हणजे निर्मलाच्या आईचा, आवाज आला. मग दाराआडून एक हात बाहेर आला आणि पोह्यांच्या बशा ठेवलेलं ताट सावकाश आत ओढून घेऊन गेला!

काकांच्या तोंडात पहिला घास होता. तेवढा राहिला.

मी मात्र खूष होतो. एवढं संभाषण झालं आणि त्यात एक 'हौ' नाही, एक 'नक्को' नाही! माझी मीच पाठ थोपटली.

त्यानंतर जे सुरू झालं, ते मला कोकणचं आतिथ्य वाटलं. आधी आम्हाला ओटीवरून उठवून बाहेरच्या पडवीत बसवलं. बसायला घोंगडी. "आधी डोक्यावरून अंघोळी करून घ्या," पद्मावतीबाईंनी लांबूनच सांगितलं. आम्ही केल्या. "अंगावरच्या कपड्यांसकट करायच्या असतात हो!" असं त्या कळवळून म्हणाल्या, म्हणून पुन्हा केल्या. मग जेवण आलं. पानावर वरून, हात न लागेल असा, भात पडला. भातावर वरण पडलं. वरणाला फोडणी नव्हती. आंबा तर नव्हताच!

मी ट्रंक उघडून केशर-बदाम पुढे केले. पद्मावतीबाई दोन पावलं मागे सरकल्या. "राहू दे हो, राहू दे. दहा दिवस झाले की मग बघू."

त्या गेल्यावर काकांचा स्फोट झाला.

"नरहर! ये क्या तमाशा है? आपल्याला बाहेर बसवलं, अंगावर पाणी ओतायला लावलं, आपली वस्तू घेत नाहीत! आपण निझामाकडचे म्हणून बाटलेले समजतात काय हे?"

"हळू काका! तसं नाही. कोकणातली माणसं काटकसरी असतात. फोडणी वाचवतात, आंबे वाचवतात."

"आणि घोंगडी?"

"सतरंजी वाचवतात!"

काकांना ते पटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष आढीकडे होतं. बाहेर पडवीपर्यंत तो वास येत होता आणि काका एखाद्या हद्दपार राजासारखे घोंगडीवर बसून होते. तेवढ्यात बंदरावरची घंटा घणघणायला लागली.

गावभर पळापळ झाली. माणसं तटाकडे धावली, म्हणून आम्हीही धावलो आणि एका बुरुजावर चढलो. खाली बघतो तर काय! वीस-पंचवीस होड्या एकदम पाण्यात! शिडं चढलेली, वल्ही चाललेली, कोणाच्या हातात जाळं, कोणाच्या हातात लांब आकडी. सगळ्यांच्या पुढे धाकू तांडेल. एकनाथराव किनाऱ्यावर उभे राहून छत्रीनं दिशा दाखवत होते.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका! शर्यत! आपल्यासाठी होड्यांची शर्यत लावलीय! उगाच नाही एवढा वेळ सगळे गुपचूप होते!"

काकांचा राग क्षणात वितळला. दिलदार माणूस! ते बुरुजाच्या काठावर गेले, टोपी काढून हवेत फिरवली आणि कोर्टात कमावलेल्या आवाजात ओरडले, "वाहवा! क्या बात है! मुकर्रर! पुन्हा एकदा!"

मीही टाळ्या वाजवल्या. एक होडी वळताना दुसरीवर आदळली, तेव्हा तर आम्ही हसून हसून बेजार झालो. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला.

"बापूस बुडालाय आणि हा टोपी फिरवतोय!" ती म्हणाली.

"कोणाचे वडील बुडाले हो?" मी आस्थेनं विचारलं.

ती नुसती माझ्याकडे बघत मागे मागे सरकत गेली. त्या बुरुजावर तासभर आम्ही दोघेच राहिलो, म्हणून आम्हाला शर्यत फारच छान दिसली.

उन्हं उतरता उतरता धाकू तांडेल ओलाचिंब होऊन वर आला. मागे एकनाथराव आणि त्यांच्या मागे निम्मं गाव.

"सगळी खाडी घातली पालथी," धाकू काकांना म्हणाला. "काय गावत नाय. खूण तरी सांगा. आजोबा दिसायला कसो होतो?"

"कोण, आमचे वडील?" काका गोंधळले. पण वडिलांबद्दल कोणी एवढ्या प्रेमानं विचारतंय म्हटल्यावर त्यांना गहिवरून आलं. "उंचेपुरे! काळ्याभोर मिशा! जेमतेम तिशी ओलांडलेली हो!"

धाकूनं काकांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. मग एकनाथरावांकडे पाहिलं.

"तुमचे वडील तिशीचे?" एकनाथरावांनी एकेक शब्द मोजून विचारलं. "मग तुमचं वय काय?"

"आठ!" काका म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो तेव्हा."

"केव्हा?"

"परवा!"

 एकनाथरावांचा चेहरा लाल व्हायला लागला. "परवा तुम्ही आठ वर्षांचे होता?"

"हौ!" काकांचा बांध फुटला. "परवा! मी झाडावर होतो!"

"बोटीवर झाड?"

"झाडावर कशाला बोट? चिंचेवर!"

"म्हणजे माझी थट्टा चाललीय!" एकनाथराव गरजले. "घरात सुतक आहे म्हणून सांगता, सुतकात मुलगी पाहायला येता, माणूस बुडाला म्हणून सबंध बंदर पाण्यात उतरवता, टाळ्या पिटता, आणि आता चिंच? निर्मलाचं लग्न एक वेळ समुद्राशी लावीन, पण ह्या घरात नाही देणार!"

 शर्यत नव्हती, आतिथ्य नव्हतं, काटकसरही नव्हती! सगळं गाव माझ्या आजोबांना शोधत होतं आणि मी टाळ्या वाजवत होतो. निर्मला गेली! त्या एकाक्षरी ठणठणीत 'हो'सकट माझी सारी साधना पाण्यात गेली! मी तोंड उघडलं, पण शुद्ध काय, अशुद्ध मराठीही बाहेर येईना.

आणि त्या शांततेत बुरुजाच्या पायऱ्यांवरून हसू आलं. तेच! पडद्यामागचं! निर्मला नुकतीच खाडीपलीकडून आली होती. प्रसादाचा नारळ पोटाशी धरून ती पायरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बाबा!" ती म्हणाली. "अहो, हा तुमचा परवा नाही. हा जामबागचा परवा!"

"परवात जामबाग कुठून आली?"

"तिकडे आज म्हणजे आज, काल म्हणजे काल, आणि त्याच्या मागचं सगळं परवा! मामांच्या शेजारीण काकू परवाच लग्न होऊन आल्या म्हणायच्या, आणि त्यांचा नातू कॉलेजात होता! ह्यांचे आजोबा मुसीच्या पुरात गेले, एकोणीसशे आठ साली. सगळ्या जामबागेला ठाऊक आहे!"

एकनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"हौ," मी म्हणालो. जीभ जागेवर आहे का ते बघायलाही सुचलं नाही.

आधी धाकू तांडेल हसला. मग ती म्हातारी. मग सगळा तट हसायला लागला. "एकोणीसशे आठ! तरीच गावत नाय!" असं म्हणत धाकूनं पोट धरलं. शेवटी एकनाथरावांच्या ओठांचा कोपराही हलला. त्या संध्याकाळी ओटीवर पोहे परत आले, भाताला तूप आलं, वरणाला फोडणी आली आणि अख्खी आढी बाहेर निघाली. होड्या काढणाऱ्या सगळ्या खारव्यांना एकनाथरावांनी आंबे वाटले. काकांनी किती खाल्ले ते सांगत नाही, कारण ते आता हयात नाहीत.

रात्रीची जेवणं झाल्यावर एकनाथरावांनी पंचांग चाळलं आणि काकांना म्हणाले, "मुलगा सरळ आहे. भाषा जरा लांबरुंद आहे, पण चालेल. साखरपुडा परवा करू."

"परवा! वा!" काका म्हणाले आणि मला कोपरखळी मारली. पडवीत आल्यावर त्यांचा आनंद मावेना. "पाहिलंस? एका दिवसात आपली बोली शिकले! परवा म्हणाले, परवा! म्हणजे पुढेमागे कधीतरी. वडिलांना रजा मिळाली की येऊ सगळे."

"सज्जन माणूस!" मी म्हणालो. मलाही अगदी भरून आलं.

दुसरा दिवस आम्ही किल्ला बघण्यात घालवला. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात प्रचंड गडबड होती. बायका रांगोळ्या काढत होत्या, पुरण वाटलं जात होतं, एकनाथराव भटजींना आणायला गेले होते. "काहीतरी सण दिसतोय," काका म्हणाले. "पाहुण्यांनी अशा वेळी अडगळ होऊ नये. सकाळची बोट गाठू." आमची ट्रंक पडवीतच होती, ती आधीच्या होडीनं बोटीवर धाडली. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन नमस्कार केला.

"येतो हं आम्ही!"

"या, या! पण लवकर या हो!" पद्मावतीबाई पुरणावरून नजर न काढता म्हणाल्या. किती प्रेमळ! निर्मला दिसली नाही, ह्याचं वाईट वाटलं. पण परवा भेटणारच होतो.

बोट लांब उभी होती. आमची होडी निम्म्या वाटेवर गेली असेल नसेल, तोच बंदरावरची घंटा घणघणायला लागली! वळून बघतो तर तटावर माणसंच माणसं आणि पाण्यात होड्याच होड्या!

"काका, बघा! निरोप द्यायला सगळं गाव आलं!" मी रुमाल हलवला. काका उभे राहून ओरडले, "मुकर्रर!"

सगळ्यांत पुढच्या होडीत सोवळं नेसलेले एकनाथराव उभे होते आणि छत्री परजत होते.

"अहो जावईबापू! साखरपुडा!"

"हो, हो! परवा नक्की!" मी ओरडलो.

"परवा म्हणजे आज!"

"काय?"

"परवा म्हणजे आज हो! परवाचा आज झाला!"

तटावर, बुरुजाच्या टोकाशी, जांभळ्या शालूत एक आकृती उभी होती. आपला होणारा नवरा बोट गाठायला निघालाय हे बघत उभी होती ती! ते बघून मी होडीत ताडकन उभा राहिलो. होडीत असं उभं राहायचं नसतं. हुसेन सागरानं हेही मला शिकवलं नव्हतं.

"गेला! नातू पण गेला!" काकांचा टाहो मला पाण्याखालूनही ऐकू आला.

धाकू तांडेलानं आकडी धोतरात अडकवून मला वर काढलं. "ह्यो एक गावलो!" तो म्हणाला, आणि साऱ्या होड्यांत पुन्हा हशा पिकला.

मुहूर्त टळू नये म्हणून मला तसाच घरी पळवला. कोरडे कपडे ट्रंकेत आणि ट्रंक पुढे बोटीत गेलेली. शेवटी एकनाथरावांचा जुना खात्याचा कोट मला घातला. त्याची पितळी बटणं इतकी चकाकत होती, की निर्मला माझ्याऐवजी बटणांकडेच बघून हसत होती. भटजींनी विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" थंडीनं आणि आनंदानं माझे दात वाजत होते.

"हौ!" मी म्हणालो.

ती हसली. एवढं सुखाचं 'हौ' मी जन्मात म्हटलं नव्हतं!

संध्याकाळच्या बोटीनं निघालो. धाकूनं परत आणलेली ट्रंक बरोबर होती आणि आंब्यांची एक पेटीही. समुद्र शहाण्यासारखा वागला, दुसऱ्या दिवशी मुंबईला गाडी मिळाली, आणि त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही जामबागेत. मी मात्र आता बदललो होतो. एका शब्दाचा एकच अर्थ, आणि तोही मोजून मापून! आई दारातच उभी होती.

"काय रे, झालं का पक्कं? साखरपुडा कधी करायचा म्हणतात?"

"करायचा काय? झाला!" मी पेटी खाली ठेवत म्हणालो.

"झाला? कधी?"

मी बोटांवर नीट मोजलं. आज, काल, त्याच्या आधीचा दिवस. बरोबर.

"परवा!"

आईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"परवा?" तिनं पदर तोंडाला लावला. "म्हणजे ती पोरगी इथं मामाकडे होती तेव्हाच उरकून बसलायस की रे मेल्या! आणि जन्मदात्या आईला इतक्या वर्षांनी सांगतोस!"